विषय : एक नग लॅपटॉप खरेदी करणेबाबत

बुलढाण्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत वरिष्ठ लिपिक असलेले श्री. अनंतराव खिरोडकर यांच्या घरी दिनांक ९ जून रोजी सकाळी पावणेनऊ वाजता एक नग लॅपटॉपची गरज निर्माण झाली. गरज खरी होती, तातडीची होती आणि लेखी होती. अनंतरावांच्या सत्तावीस वर्षांच्या सेवेत या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

कागद म्हणजे त्यांच्या मुलीला, गार्गीला, आलेली मेल. गार्गीनं भूगोलात बी.एस्सी. केलं होतं आणि त्यावर नकाशे काढण्याचा एक वर्षाचा कोर्स. एक्केचाळीस ठिकाणी अर्ज करून झाल्यावर नाशिकच्या एका नकाशे करणाऱ्या कंपनीनं तिला होकार दिला होता. काम घरी बसूनच करायचं. उपग्रहानं वरून काढलेला फोटो समोर घ्यायचा आणि त्यावर गावोगावच्या शेतांचे बांध, विहिरी, नाले आणि शेतांमधून जाणारे पांदणरस्ते रेषांनी उठवायचे. सुरुवात बुलढाणा जिल्ह्यापासूनच होती. आपल्याच जिल्ह्याचं गाव वरून पाहायला मिळणार आणि त्याचे पैसेही मिळणार, यावर गार्गीचा अजून विश्वास बसत नव्हता. अट एकच होती, लॅपटॉप स्वतःचा हवा आणि तीस दिवसांच्या आत रुजू व्हायला हवं.

"बाबा, लॅपटॉप घ्यावा लागते. तीस दिवसात."

"घेऊ ना. नाही कोण म्हणते?" असं म्हणून अनंतरावांनी कपाटातून एक कोरी फाईल काढली.

फाईल पाहताच स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या शारदाबाईंनी कपाळाला हात लावला. या घरातली मिक्सरची फाईल एकोणीस वर्षांची होती, आणि चटणी अजून पाट्यावर वाटली जात होती.

इथे अनंतरावांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर वाचकाला ते चिक्कू वाटतील. ते चिक्कू नव्हते. चुकीची वस्तू घेतली जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असे. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हातून एकदाही चुकीची खरेदी झाली नव्हती, याबद्दल त्यांना दोन प्रशस्तिपत्रकं मिळाली होती. चुकीची खरेदी न होण्याचं मुख्य कारण खरेदीच न होणं हे होतं, पण प्रशस्तिपत्रकात कारण लिहायला जागा नसते. कार्यालयातल्या छताच्या पंख्यांची नस्ती अकरा वर्षं चालू होती. दरवर्षी जास्त तारे असलेला, कमी वीज खाणारा पंखा बाजारात येई आणि दरवर्षी अनंतराव त्यावर "नवीन मॉडेलची तुलना करून फेरसादर करावे" असा शेरा मारत. कर्मचारी उन्हाळ्यात जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यांनी वारा घेत. पुठ्ठे मात्र भांडारात भरपूर होते.

तर फाईल उघडली गेली. पहिल्या पानावर अर्धा समास सोडून अनंतरावांनी टिपणी लिहिली. दुसऱ्या पानावर गार्गीनं लेखी मागणी करायची होती. तिनं ती केली. तिसऱ्या पानावर शारदाबाईंचा अभिप्राय घ्यायचा होता. त्यांनी "घेऊन टाका एकदाचा" असं लिहून सही केली. हा अभिप्राय पुरेसा सविस्तर नसल्याचं अनंतरावांनी समासात नोंदवलं, पण पहिलीच वेळ म्हणून तो स्वीकारला.

पुढच्या शनिवारी बापलेक चिखली रोडवरच्या शेखरच्या दुकानात गेले. शेखर लॅपटॉप विकायचा, दुरुस्त करायचा आणि प्रिंटरात शाई भरून द्यायचा. त्यानं दोन-तीन यंत्रं उघडून दाखवली, गार्गीचं सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. राखाडी रंगाच्या एका लॅपटॉपवर रोहिणखेडचं शिवार झरझर उघडलं. नाला दिसला, नाल्याकाठची झाडं दिसली, झाडांच्या सावल्यासुद्धा दिसल्या.

"बाबा, हाच," गार्गी म्हणाली.

अनंतराव "ठीक आहे" म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी खरोखर उच्चारले, याला शेखर साक्षीदार आहे. त्यानं खोका आणला, बिलबुक काढलं, कार्बन सारखा केला. नेमक्या त्याच वेळी, आपण योग्य तेच करतो आहोत ना, याची खात्री करून घ्यावी म्हणून अनंतरावांनी पुण्याला पुतण्याला फोन लावला.

पुतण्या श्रेयस एका मोठ्या कंपनीत कामाला होता. त्यानं आयुष्यात स्वतः एकही लॅपटॉप विकत घेतला नव्हता, कारण कंपनीच त्याला दर तीन वर्षांनी नवा द्यायची. त्यामुळे लॅपटॉप खरेदी या विषयावर त्याची मतं अत्यंत ठाम होती.

"काका, प्लीज. आत्ता अजिबात घेऊ नका," श्रेयस फोनवर म्हणाला. "दोन महिन्यांत प्रोसेसरची पुढची पिढी येतेय. चाळीस टक्के वेगवान. बॅटरी दीडपट. आत्ता घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे."

अनंतरावांनी फोन ठेवला आणि खोक्याकडे असं पाहिलं, की शेखरनं आपण होऊन कार्बन परत पुस्तकात घातला.

"शेखर, हे तू मले सांगितलं नाही," अनंतराव दुखावलेल्या स्वरात म्हणाले.

"अहो काका, ते तर दरवर्षीच येते ना."

"म्हणजे तुले माहीत होतं!"

घरी आल्यावर अनंतरावांनी तुलनात्मक तक्ता करायला घेतला. सरकारी खरेदीत तुलनात्मक तक्ता म्हणजे तीन वस्तू शेजारी शेजारी मांडून कोणती घ्यायची ते ठरवणं. इथेच त्यांच्या हातून ती गोष्ट झाली, जी भांडार शाखेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. त्यांनी पहिल्या दोन रकान्यांत दुकानात असलेले लॅपटॉप लिहिले आणि तिसऱ्या रकान्यात न आलेला.

मग एकेक बाब तपासली गेली. वेग, पहिले दोन ठीक, तिसरा अपेक्षित चाळीस टक्के जास्त. गरम होणे, पहिले दोन थोडे होतात, तिसऱ्याबाबत असा अनुभव कुणालाही नाही. वापरकर्त्यांच्या तक्रारी, पहिल्याच्या बारा, दुसऱ्याच्या नऊ, तिसऱ्याच्या निरंक. न आलेल्या लॅपटॉपची एकही तक्रार अख्ख्या देशात नोंदली गेली नव्हती. गुण मोजले तेव्हा तिसरा रकाना निर्विवाद पहिला आला.

"बाबा, पण तो नाहीच ना आहे!" गार्गी म्हणाली.

"म्हणूनच तर थांबायचं. आहे तो कोणीही घेते."

"अन् माझी नोकरी?"

"तिच्यासाठी मुदतवाढ मागू. मी देतो मसुदा."

मसुदा इतका सुंदर होता, की नाशिकच्या कंपनीत तो दोन टेबलांवर वाचला गेला. तिथं गार्गीचं काम पाहणाऱ्या हिमानी मॅडमनी मुदत सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवून दिली. अनंतरावांना वाटलं, कंपनीलाही आपलं म्हणणं पटलं आहे. गार्गीला तसं काही वाटलं नाही. लॅपटॉप येईपर्यंत म्हणून तिनं आपल्या फोनवरच काम शिकायला सुरुवात केली.

सप्टेंबरात पुढची पिढी आली. शेखरनं स्वतः फोन करून कळवलं. अनंतराव पेढे घेऊन दुकानात गेले, नवा लॅपटॉप हातात घेऊन त्यांनी वजनाचा अंदाज घेतला, आणि खबरदारी म्हणून पुण्याला फोन लावला.

"आला का? छान. पण पहिल्या लॉटमध्ये काहीतरी दोष निघतातच, काका," श्रेयस म्हणाला. "आणि तुम्ही वाचलं नाहीत का? त्याच्या पुढची पिढी जाहीर झालीये. ही तिच्यापुढं काहीच नाही."

अनंतरावांनी लॅपटॉप खाली ठेवला. पेढ्यांचा पुडाही ते परत घेऊन आले. घरी तक्त्यात तिसरा रकाना दुसऱ्या जागी सरकला आणि रिकाम्या झालेल्या जागी नवा न आलेला लॅपटॉप विराजमान झाला. त्याच्या तक्रारी निरंक होत्या.

दसऱ्याचा मुहूर्त गेला. दिवाळीच्या पाडव्याचा गेला. "मुहूर्त चांगला आहे, पण प्रोसेसर जन्माला आला नाही," असं अनंतराव प्रत्येकाला समजावून सांगत. आणि लोक ऐकत, हे या प्रकरणातलं खरं दुर्दैव. एखादा माणूस काही करत असेल तर आपल्याकडे त्याला कुणी विचारत नाही, पण विचारपूर्वक काहीच न करणारा माणूस दिसला की लोक सल्ल्याला येतात.

सर्वांत आधी शेजारचे वामनराव आले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"अनंता, तुझं बरोबर आहे," ते अनंतरावांच्या ऐवजी खुंटीवरच्या सदऱ्याकडे पाहून म्हणाले. "डॉक्टर म्हणते, ऑपरेशन करून घ्या. मी म्हटलं, पुढच्या साली नवीन मशीन येऊन राह्यली म्हणते, मंग जुन्या मशीननं डोळा काऊन कापून घ्यायचा?"

अनंतरावांना भरून आलं. आपल्यासारखा विचार करणारा माणूस भिंतीपलीकडेच होता आणि इतकी वर्षं ते त्याला नुसता नमस्कार करत होते.

मग रोहिणखेडहून किसनराव आले. जमीन भरपूर, घर भरलेलं, स्वभाव हौशी. त्यांना फवारणीचा पंप घ्यायचा होता, पण आता म्हणे उडणारा पंप येणार होता. ते थांबले होते. ते थांबले तेवढ्यात अळीनं तुरीवर आपलं काम आटोपून घेतलं.

"गेली तूर त गेली," किसनराव म्हणाले. "पण पंप चुकीचा घेतला नाही ना बाप्पा!"

अशा रीतीनं 'बुलढाणा जिल्हा योग्य वेळ प्रतीक्षा मंडळ (नियोजित)' अस्तित्वात आलं. नियोजित अशासाठी, की संस्था नोंदणीचे नियम बदलणार असल्याची कुणकुण होती आणि जुन्या नियमांत नोंदणी करून फसण्यात अर्थ नव्हता. अध्यक्ष वामनराव, चिटणीस अनंतराव. सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला शेखरच्या दुकानात. पहिल्या सभेला सात माणसं होती, चौथ्या सभेला त्रेसष्ट. देऊळघाटहून एक जण नुसता बसायला यायचा. कशासाठी थांबायचं ते त्याचं अजून ठरलं नव्हतं.

शेखर सुरुवातीला चिडला. चार महिन्यांत त्याच्या दुकानातून एक माऊस तेवढा विकला गेला होता, आणि तोही परत आला. मग त्याच्या लक्षात आलं, की लॅपटॉप घेणारा माणूस तीन वर्षांतून एकदा येतो आणि लॅपटॉप न घेणारा रोज येतो. त्यानं बाहेर बाकडी टाकली आणि चहा सुरू केला. चहाबरोबर भजी आली. काचेच्या कपाटातले राखाडी लॅपटॉप मागच्या खोलीत गेले आणि तिथे बरण्या आल्या. नवीन माल मागवणं त्यानं बंदच केलं. पुढची पिढी यायची असताना मागची भरून ठेवणं त्यालाही आता पटत नव्हतं.

इकडे सप्टेंबरची मुदत उलटल्यावरही हिमानी मॅडमनी चालवून घेतलं होतं आणि गार्गी फोनवर बोटानं शेतं काढत होती. पाच इंचांच्या काचेवर ती रोहिणखेडचं शिवार सरकवायची, मोठं करायची, बोट ठेवायची. बोटाखाली बांध झाकला जायचा. बोट उचललं की रेष भलतीकडे गेलेली. तरी तिनं दोन महिन्यांत चाळीस शेतं काढली. डोळे लाल व्हायचे, मान धरायची. कधी कधी नुसतं रडू यायचं आणि ते रडू तिनं कुणालाही दाखवलं नाही. एका जागी तिच्या बोटाचा जरासा धक्का लागला आणि शेजाऱ्याची विहीर बांध ओलांडून किसनरावांच्या शेतात आली. किसनरावांनी मंडळाच्या सभेत तो नकाशा पाहिला.

"पोरी," ते गहिवरून म्हणाले, "हे असंच राहू दे बरं. अजिबात दुरुस्त करू नको."

पण दोन दिवसांनी हिमानी मॅडमचा फोन आला. त्या चांगल्या बाई होत्या.

"गार्गी, तुझी नजर फार चांगली आहे गं," त्या म्हणाल्या. "नाल्याचं वळण तू जसं ओळखतेस तसं इथं कुणाला येत नाही. पण बोटानं काढलेला बांध नकाशात चार मीटर रुंद येतोय. लॅपटॉप घे बाई आता. फेब्रुवारीअखेर. यापुढं माझ्याही हातात नाही."

गार्गीनं आईला सांगितलं. शारदाबाईंनी त्या महिन्यात लागलेल्या भिशीचं पाकीट, न उघडता, तिच्या हातात ठेवलं.

"जा. घेऊन ये. तुह्या बाबाले मी पाहून घेतो."

गार्गी पळतच शेखरच्या दुकानात गेली. शेखर भजी तळत होता.

"शेखरकाका, मागच्या खोलीतला राखाडी द्या."

शेखरनं झारा खाली ठेवला. "गार्गी, खरं सांगू? नको घेऊ आता. तुझे बाबा इतकं समजावून राह्यले साऱ्या जिल्ह्याले, अन् मी त्यांच्याच पोरीले मागची पिढी विकू? लोक काय म्हणतील मले? फसवलं म्हणतील."

"तुम्ही दुकानदार आहे ना, काका?"

"हाव. पण मंडळाचा सभासदही आहे."

मग तिनं लॅपटॉप ऑनलाइन मागवायला घेतला. परंतु खिरोडकरांच्या घरातली ऑनलाइन खरेदी अनंतरावांच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीशिवाय होत नसे, आणि ओटीपी दहा मिनिटं जगतो. अनंतरावांनी दहा मिनिटांत आजवर कशालाही मंजुरी दिलेली नव्हती. ओटीपी आला, त्यांनी तो फाईलमध्ये उतरवून घेतला, त्यावर "चर्चा करावी" लिहिलं आणि तोवर ओटीपी वारला.

त्या दिवशी गार्गी पहिल्यांदा बापावर ओरडली.

"तुम्हाले घ्यायचाच नाही ना? तसं सांगा ना सरळ!"

अनंतरावांना याचा फार त्रास झाला. कारण त्यांना खरोखरच घ्यायचा होता. लेकीच्या मांडीवर उत्तमातला उत्तम लॅपटॉप असावा, तिला पुढं कुणी "जुना आहे" म्हणून हिणवू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. एवढ्या प्रेमापोटी माणूस जे करू शकतो, ते त्यांनी केलं. पंधरा दिवसांची रजा काढून त्यांनी या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. एकामागून एक पिढ्या येतच राहणार असतील, तर शेवटची कोणती ते आधी कळायला हवं. ती कळली की ती तेवढी घ्यायची आणि मोकळं व्हायचं. त्यांनी प्रोसेसर बनवणाऱ्या परदेशी कंपनीला नोंदणीकृत टपालानं पत्र धाडलं. विषय, प्रोसेसरची अंतिम पिढी कोणती याबाबत खुलासा मिळणेबाबत.

पाच आठवड्यांनी कंपनीच्या भारतातल्या कार्यालयाचं उत्तर आलं. ते अत्यंत नम्र होतं. अंतिम पिढीबाबत कंपनी काही सांगू शकत नव्हती. मात्र, असं त्यात म्हटलं होतं, आपल्या विभागातले ग्राहक सध्याची पिढी न घेता पुढच्या पिढीची वाट पाहत असल्याचं आमच्या पाहणीत आढळून आलं आहे. त्यामुळे सध्याचा माल पडून असून, तो संपेपर्यंत पुढची पिढी आपल्या विभागात, म्हणजे विदर्भात, न आणण्याचं ठरलं आहे. आपल्या सहकार्याची वाट पाहत आहोत.

अनंतरावांनी ते पत्र सभेत वाचून दाखवलं. त्रेसष्ट माणसं थांबली होती म्हणून कंपनी थांबली होती आणि कंपनी थांबली होती म्हणून त्रेसष्ट माणसं थांबली होती. मंडळाची दखल थेट कंपनीनं घेतल्याबद्दल टाळ्या पडल्या.

"बाबा," गार्गी घरी आल्यावर शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुम्ही आताचा घेतला की त्यांचा माल संपते. संपला की पुढची येते. साधं आहे."

अनंतरावांनी खूप वेळ विचार केला. युक्तिवादात त्यांना कुठेही त्रुटी सापडली नाही.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पण सुरुवात आपणच काऊन करायची?"

फेब्रुवारी संपला. मार्चही संपला. गार्गीनं मुदतवाढ मागितली नाही, अनंतरावांनी मात्र तिच्या नकळत एक सुबक मसुदा पाठवून दिला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नाशिकहून उत्तर आलं. ते अनंतरावांनीच फोडलं आणि ओसरीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं. कंपनीनं पुढच्या पिढीच्या प्रोसेसरवर चालणारी नवी यंत्रणा नाशिकला बसवली होती. या यंत्रणेनं बुलढाणा जिल्ह्यातल्या उरलेल्या सर्व गावांचे बांध, विहिरी, नाले आणि पांदणरस्ते अकरा मिनिटांत काढून पूर्ण केले होते. सबब या कामासाठी मनुष्यबळाची आवश्यकता उरलेली नाही. खाली हिमानी मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'गार्गी, मला माफ कर.'

अनंतरावांचा चेहरा उजळला.

"अकरा मिनिटं!" ते ओरडले. "पाहा! मी सांगून नव्हतो राह्यलो, पुढची पिढी जबरदस्त आहे म्हणून? अन् तुम्ही मायलेकी मले मागची घ्यायले लावून राह्यल्या होत्या. आज ते भंगार घरात पडून असतं!"

गार्गी उंबऱ्यावर उभी होती. तिनं पत्र हातात घेतलं, सावकाश पूर्ण वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "लई जबरदस्त आहे."

ती आत गेली. शारदाबाई पुढे आल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "आता तरी बंद करा ती फाईल. पोरगी अडकली आहे तिच्यात."

पण फाईल बंद करण्याची पद्धत असते. विषय निकाली निघाल्याची नोंद व्हावी लागते, म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या रविवारची मंडळाची सभा विशेष सभा म्हणून बोलावण्यात आली. शेखरनं बाकड्यांवर चादरी घातल्या. वामनरावांना दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. चुकीची खरेदी टाळून कुटुंबाचं संभाव्य नुकसान वाचवल्याबद्दल चिटणीसांच्या अभिनंदनाचा ठराव किसनरावांनी मांडला, तो एकमतानं संमत झाला. शाल, नारळ झाला. मग अध्यक्षांनी जाहीर केलं, की या निर्णयाच्या प्रत्यक्ष लाभार्थी कुमारी गार्गी दोन शब्द बोलतील.

गार्गी उभी राहिली. सोमवारपासून ती मोताळ्याला एका सेवा केंद्रात कामाला जाणार होती. दाखले भरून द्यायचे, सातबारे छापून द्यायचे. तिथला कॉम्प्युटर कितव्या पिढीचा आहे हे केंद्राच्या मालकालाही ठाऊक नव्हतं. सकाळी बटण दाबलं की तो सुरू व्हायचा, एवढंच त्याला माहीत होतं. ही बातमी तिनं अजून घरात सांगितली नव्हती.

"मले भाषण येत नाही," ती म्हणाली. "मले एकच गोष्ट विचारायची आहे. तुम्ही सारे इतके दिवस थांबून राह्यले. जे घ्यायचं होतं ते कोणत्या कामासाठी, हे कोणाले आठवते का?"

कढईतलं तेल तेवढं चुरचुरत होतं.

वामनराव आवाजाच्या दिशेनं मान वळवून बसले. त्यांना नातवाचा चेहरा नीट पाहायचा होता. त्यासाठी तर डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं. नातू आता चालायला लागला होता आणि तो दिसतो कसा, हे त्यांनी सुनेला विचारून घेतलं होतं. किसनरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. देऊळघाटच्या माणसानं चहाचा कप खाली ठेवला.

अनंतराव कार्यवृत्त लिहीत होते. 'कु. गार्गी यांनी प्रश्न उपस्थित केला की' इथवर त्यांचं टपोरं अक्षर आलं आणि हात थांबला. नऊ जूनची सकाळ त्यांच्या डोळ्यांसमोर आली, "घ्यावा लागते" म्हणताना लेकीचा उजळलेला चेहरा आला, आणि त्यांना क्षणभर उठून तिचा हात धरावासा वाटला. धरावा का? धरायला हवा होता. पण सभा चालू होती आणि चिटणीसानं मधूनच उठणं बरं दिसलं नसतं. सभा संपली की धरू, असं त्यांनी ठरवलं.

गार्गीनं थोडी वाट पाहिली. मग चपला घातल्या आणि ती मोताळ्याची बस किती वाजता असते ते विचारायला स्टँडकडे निघून गेली.

"प्रश्न चांगला आहे," घसा खाकरून अध्यक्ष म्हणाले. "पण घाईत उत्तर देण्यासारखा नाही. पुढच्या सभेत घेऊ."

सर्वांना हायसं वाटलं. भजी आली. अनंतरावांनी कार्यवृत्त पूर्ण केलं, सही केली आणि खाली नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं :

प्रत, माहितीसाठी व योग्य त्या प्रतीक्षेसाठी,

१. मंडळाचे सर्व सभासद.

२. श्री. शेखर, दुकानदार तथा सभासद.

३. हे वाचून झालं की करू, म्हणून ज्यांनी आज एखादं काम बाजूला ठेवलं आहे, ते सर्व वाचक.